फोटोतलं गवत सेवण नाही, आणि नाव 'सेवन' तर नाहीच नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत राजस्थानच्या वाळवंटातल्या गवतावर जो लेख आला तो वाचला, दोनदा वाचला, आणि दुसऱ्यांदा वाचताना चहा गार झाला म्हणून घरात बोलणी पण खाल्ली. लेख चांगल्या हेतूनं लिहिलाय, माणदेश, जत, आटपाडीकडच्या मेंढपाळांना चाऱ्याचा काही उपाय सापडावा असं लिहिणाऱ्याला मनापासून वाटतंय हे दिसतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण लेखाच्या वर अर्ध्या पानाचा जो रंगीत फोटो छापलाय आणि खाली 'जैसलमेरचे सेवन गवत' असं लिहिलंय, ते गवत सेवण नाही. ती धामण आहे. शंभर टक्के. कणसाचा आकारच सांगतो.

आणि आधी नावाचंच बघू. त्या गवताचं नाव सेवण, शेवटी ण, बाणातला. हिंदी पेपरात सेवन लिहितात, तिथून ते तसंच उचललं जातं, पण मराठीत सेवन म्हटलं की माणूस काय समजणार? आमच्या कट्ट्यावर एकानं मोठ्यानं मथळा वाचला 'दुष्काळात सेवन गवताचा आधार' आणि दुसरा म्हणाला, म्हणजे आता गवत खायची पाळी आली का आपल्यावर. हसण्यावारी गेलं पण एका अक्षराचा फरक किती नडतो ते बघा. बरं त्याला शिवण पण म्हणून चालत नाही, शिवण आपल्याकडं झाड आहे, लाकडाचं.

मी कोण हे सांगायला हवं नाहीतर हा कोण शहाणा असं वाटेल. मी माण तालुक्यातला, घरात तीन पिढ्या मेंढरं, लहानपणी शाळा बुडवून मेंढरांमागं फिरलेला, त्यामुळं कुसळी, पवना, मारवेल, हरळी, कुंदा ही नावं पुस्तकात शिकावी लागली नाहीत. पुढं फौजेत गेलो आणि नोकरीतली साडेतीन वर्षं जैसलमेर जिल्ह्यात काढली, रामगढ, तनोट, लोंगेवाला ह्या पट्ट्यात, काम लाईन टाकायचं म्हणजे केबल घेऊन पायपीट करायचं. दिवसभर नजर जमिनीवर. त्यामुळं तिथली माणसं मला फार भेटली नाहीत पण गवतं भरपूर भेटली. वनस्पतिशास्त्राची डिग्री माझ्याकडं नाही हे आधीच कबूल करतो. पण मेंढपाळाच्या पोराला गवत कळत नसेल तर मग कुणाला कळणार.

तरी सुरुवातीला मी पण चुकलोच. आणि जे चुकलो ते धामणीवर पण नाही, गवतच नसलेल्या झाडावर. जैसलमेरच्या वाळूत बुई नावाचं एक झुडूप असतं, त्याला पांढऱ्या लोकरीसारखे तुरे येतात, लांबून सकाळच्या उन्हात चमकतात. मला कुणीतरी सांगितलं होतं की सेवणाचा तुरा पांढरा रेशमी असतो, मी गाडीतून दोन-तीन महिने ते बघत होतो आणि सोबतच्या पोरांना ऐटीत सांगत होतो, हे बघा सेवण. एक दिवस खाली उतरून हातात घेतलं तर रुंद पानं, राखाडी लव असलेली, गवताचं पेर नाही काही नाही. त्या बुईचा कापूस तिथले लोक उशीत भरतात. मी मुकाट्यानं गाडीत बसलो. म्हणून लिहिणाऱ्यावर किंवा फोटो लावणाऱ्यावर मी हसत नाहीये, फक्त चूक सुधारावी एवढंच.

मला खरं सेवण दाखवलं ते एका म्हाताऱ्या गुराख्यानं. सत्तरीच्या पुढचे असतील, थारपारकर जातीच्या बारा-पंधरा गाया होत्या त्यांच्याकडं, पांढऱ्याशुभ्र, आम्ही त्यांना काकासा म्हणायचो, ते आम्हाला सगळ्यांना फौजी. मी त्यांना तुऱ्याबद्दल विचारायला लागलो तर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जसं आपण शहरातल्या पाव्हण्याकडं बघतो, आणि म्हणाले नीचे देख फौजी. आणि पायानं एका ठोंबाच्या बुडाची वाळू सारली.

ते बूड मी विसरलो नाही. वर पिवळं वाळकं गवत, मे महिना, जनावरांनी खाऊन खाऊन खुंट राहिलेले, मेलंय असंच वाटावं. आणि वाळूखाली बोटाएवढं जाड, लाकडासारखं टणक, वेडंवाकडं खोड, त्याला मुळ्यांचं जाळं आणि मुळ्यांना वाळू अशी चिकटलेली की झटकली तरी पडत नव्हती. काकासांनी एक धांडा खालून मोडला तर कट्कन आवाज आला, काडी मोडल्यासारखा. म्हणाले हे माझ्या लग्नाच्या वेळचं असेल. आता ती थट्टा होती, एवढं वय गवताला नसावं, पण दहा-दहा वर्षं आणि त्याच्याही पुढं एकच ठोंब उभा राहतो हे तिथले सगळेच सांगतात. सांगायचा मुद्दा हा की बहुवर्षायू गवत ओळखायचं तर तुरा बघून नाही, बूड बघून. तुरा वर्षातनं दोन-अडीच महिने असतो, ऑगस्ट ते ऑक्टोबर, आणि मावठ म्हणजे हिवाळी पाऊस झाला तर परत एकदा थोडासा. बूड बारा महिने असतं.

हीच गोष्ट आपल्या मेंढपाळाला सांगायची गरज नाही, हरळी उन्हाळ्यात दिसत नाही म्हणून ती मेली असं कोण म्हणतं? पण फोटोवरून गवत ओळखणाऱ्यांना सांगायची गरज आहे कारण फोटो नेहमी तुऱ्याचा असतो. बुडाचा फोटो कुणी काढत नाही. त्यात काय बघायचं असं वाटतं.

आता तुमच्या फोटोतली धामण. लेखात दिसतंय ते कणीस गोल, दंडगोल, बाटली धुवायच्या ब्रशसारखं, केसाळ, थोडी जांभळट झाक. ही धामणीची खूण आहे. सेवणाचा तुरा असा नसतो. तो धांड्याच्या टोकाला एकटाच येतो, लांबीला साधारण बोटाएवढा, पांढरा चंदेरी, रेशमी केसांनी भरलेला पण ब्रशसारखा चौफेर फुललेला नाही, जरा चपटा, सांध्यासांध्याचा. ज्यांना बाजरी आणि ज्वारी माहिती आहे त्यांना मी सोपं करून सांगतो, धामण ही बाजरीच्या भाऊकीतली आहे. तिचं कणीस म्हणजे केस आलेलं बाजरीचं पिटुकलं कणीस, एकदा हे डोक्यात बसलं की परत चूक होत नाही. सेवण हे ज्वारी, ऊस, आपली मारवेल, कुसळी ह्या भाऊकीतलं. दोन्ही गवतंच, दोन्ही चारा, पण भाऊकी वेगळी.

आणखी एक हातानं करायची परीक्षा आहे, ती पण काकासांचीच. कणीस पिकल्यावर दोन बोटांत धरून खालून वर ओढायचं. धामण असेल तर दाण्याची केसाळ बोंडं सगळी हातात येतात आणि मधली काडी तशीच उभी राहते, नागडी, जराशी नागमोडी. सेवण असेल तर काडीच राहत नाही, काडी स्वतःच सांध्यासांध्यावर तुटते आणि तुकडे हातात येतात, प्रत्येक तुकड्याला दाणे चिकटलेले. भिंग असेल तर अजून मजा. एकेका सांध्यावर तीन दाण्यांचा झुबका दिसतो, त्यातले दोन काडीला चिकटून बसलेले, एक बारक्या देठावर. ह्या भाऊकीतल्या इतर गवतांत साधारण जोडी असते, एक बसका एक देठाचा, तसं मारवेलीत आणि कुसळीत बघा. सेवणात तिघं. ही गोष्ट मला काकासांनी नाही सांगितली, ती नंतर कळली, सुट्टीवर जाताना जोधपूरला काजरीत म्हणजे तिथल्या कोरडवाहू संशोधन संस्थेत एका ओळखीच्याला भेटायला गेलो होतो तेव्हा. 1959 पासून ती संस्था ह्या नावानं आहे, त्याआधी 1952 ला वाळवंटात झाडं लावायचं केंद्र म्हणून सुरू झालेली. तिथं सेवणाचे वाफे होते आणि शेजारीच धामणीचे, दोन्हीच्या पाट्या लावलेल्या, आणि खरं सांगतो पाऊस नसताना पाटी नसती तर मी पण लांबून गोंधळलो असतो. शास्त्रीय नाव तिथल्या पाटीवर होतं लॅसियुरस सिंडिकस, म्हणजे सिंधचं. पलीकडं पाकिस्तानात चोलिस्तानात पण हेच गवत, आणि पश्चिमेला इराण, अरबस्तान करत सहारापर्यंत ते पोचलंय. सरहद्दीची तार त्याला कुणी सांगितली नाही.

नावांचा घोळ मात्र भयंकर आहे आणि त्यात वर्तमानपत्राचा एकट्याचा दोष नाही. धामण म्हटलं की आपल्याकडं पहिल्यांदा साप आठवतो. दुसऱ्यांदा झाड आठवतं, कुऱ्हाडीला दांडा करतात ते. गवत तिसऱ्या नंबरला. ह्याच धामण गवताला आपल्या कृषी खात्याच्या कागदावर अंजन म्हणतात, आणि अंजन म्हणजे खानदेशात परत झाड. वर राजस्थानात अंजन एका जातीला आणि धामण तिच्या बहिणीला असं पण नाव लावतात, म्हणजे मारवाड अंजन वेगळी आणि मारवाड धामण वेगळी, दोन्ही काजरीनंच काढलेली वाणं. मग भुरट आणि मुरट. ऐकायला जुळी भावंडं, पण काही संबंध नाही. मुरट हे बहुवर्षायू, वेळूसारख्या कडक काड्यांचं झुडूपच, पेरं फुगीर, पेरांतून फांद्या फुटलेल्या आणि तुरा मोकळा पसरलेला, त्यात गोल चकचकीत दाणे. भुरट म्हणजे पावसाळ्यात उगवून दिवाळीच्या पुढं-मागं मरणारं, आणि त्याची काटेरी बोंडं, देवा रे. आमच्या मोज्यात, पट्टीत, ब्लँकेटात, एकदा तर पत्राच्या पाकिटात निघालं, घरी आईनं विचारलं हे काय पाठवलंस. आपला सराटा परवडला असं वाटायचं. पण दुष्काळात तिथल्या लोकांनी त्या भुरटाचे दाणे काढून भाकरी खाल्ल्यात, तेव्हा शिव्या घालायला जीभ जड होते.

माझं म्हणणं एवढंच की सेवण ओळखायचं तर चार गवतांशी ताडून बघावं लागतं. धामणीशी, मुरटाशी, भुरटाशी आणि लांपेशी, लांपेला तीन कुसळं असतात ती लगेच कळते. ह्यातलं मुरट सगळ्यात फसवं. मे महिन्यात दोन्हीला तुरा नाही, दोन्ही झुडपासारखी, दोन्हीचं बूड टणक, दोन्हीच्या मुळ्यांना वाळूचं वेष्टन. तेव्हा काय बघायचं? मी पेर बघायचो. मुरटाची काडी जाड, टणक, पेरं फुगलेली आणि पेरातून फांद्यांचा झुबका. सेवणाची काडी त्याहून बारीक आणि पानं पण बारीक, उन्हात आत वळून सुतळीसारखी होतात. आणि जनावर बघायचं. गाय सेवणाच्या ठोंबाकडं आधी जाते. गायीला भिंग लागत नाही.

आता लेखातल्या दोन वाक्यांबद्दल. एक, 'जैसलमेरच्या ओसाड वाळवंटात उगवणारे'. ओसाड कशाला म्हणायचं हा प्रश्न आहे. पाऊस तिथं वर्षाला दोनशे मिलिमीटरच्या आतबाहेर, आमच्या माणात पाचशेच्या आसपास पडतो तरी आम्ही दुष्काळी, तर ते काय असतील. पण त्या दोनशेत सेवणाचं कुरण उभं राहतं, माणसाच्या छातीपर्यंत, जुलैत पहिला जोरदार पाऊस झाला की आठवड्याभरात त्या मेलेल्या खुंटाला हिरवी टोकं फुटतात. मी स्वतः बघितलंय, रविवारी लाईन तपासायला गेलो तेव्हा पिवळं, पुढच्या रविवारी हिरवं. थारपारकर गाय दुधाला नावाजलेली आहे ती कशाच्या जिवावर? पेंडीच्या? त्या गवताच्या मुळ्यांवर हवेतला नत्र धरणारे जिवाणू पण शास्त्रज्ञांना सापडलेत, म्हणजे निव्वळ वाळूत ते आपली सोय आपण करतं. ह्याला ओसाड म्हणायचं, आणि सरकारी नकाशातही ते वेस्टलँड म्हणजे पडीक, मग पडीक म्हटल्यावर कुणालाही देता येतं, सोलर, पवनचक्की, नांगर, काही पण. हे शब्द जपून वापरायला हवेत राव.

नांगराचं तर मी डोळ्यानं बघितलं. 1958 साली राजस्थान कालव्याचं काम सुरू झालं, त्यालाच पुढं इंदिरा गांधींचं नाव दिलं, आणि 1987 च्या सुमारास पाणी पार मोहनगढपर्यंत पोचलं. मी गेलो तेव्हा कालव्याच्या बाजूला गहू, मोहरी, भुईमूग, माणसं खूश, आणि पाणी आलेल्या माणसाला मी तरी काही बोलणार नाही, मी माणातला आहे, पाण्याची किंमत मला कुणी सांगायला नको. पण कालव्यापासून लांब, जिथं पाणी कधी जाणार नाही, तिथंही ट्रॅक्टर लावून जमीन उलथत होते, पाऊस झाला तर गवार होईल ह्या आशेवर. काकासा म्हणायचे पूर्वी उंटाचा नांगर होता, तो वरवर ओरखडा काढायचा, सेवणाचं बूड शाबूत राहायचं, पीक निघालं की गवत परत यायचं. ट्रॅक्टरचा फाळ बूडच उपटून वर टाकतो. दोन उन्हाळ्यांत ते लाकूड सुकून जातं आणि मग तिथं भुरट आणि बुई. म्हणजे गवत आहे, हिरवं पण दिसतं, लांबून फोटो काढला तर कुरण वाटेल. म्हणूनच ओळख पटायला हवी. पुस्तकी हौस म्हणून मी हे सगळं लिहीत नाहीये. ज्या जागेवर बहुवर्षायू गवत गेलं आणि वर्षायू आलं ती जागा बिघडलेली असते, आणि हे फक्त गवत ओळखणाऱ्यालाच दिसतं.

दुसरं वाक्य, ज्यामुळं मी खरं तर पत्र लिहायला बसलो, 'हे गवत आपल्या माळरानावर लावल्यास माळढोक पक्षीही परत येईल'. अरेरे. सोलापूरजवळ नान्नजला 1979 साली माळढोकसाठी अभयारण्य झालं, 8496 चौरस किलोमीटरचं, पुढं ते कमी करून 1222 वर आणलं, आणि आज तिथं माळढोक दिसला तर बातमी होते. तो पक्षी तिकडं जैसलमेरात जास्त आहे, तिथं त्याला गोडावण म्हणतात, राजस्थानचा राज्यपक्षी, 3162 चौरस किलोमीटरचं डेझर्ट नॅशनल पार्क त्याच्यासाठी ठेवलंय, आणि सेवणाच्या कुरणात तो राहतो हे खरं. मी तो दोनदा बघितलाय, एकदा जोडी. पण म्हणून सेवण इकडं लावलं की माळढोक येईल हे म्हणजे पाव्हण्याच्या गावची माती आणून अंगणात टाकली की पाव्हणा येईल असं झालं. नान्नजचा माळढोक सेवणात नव्हता राहत, तो आपल्या कुसळी-पवना-मारवेलीच्या माळावर राहत होता. देशातल्या गवताळ प्रदेशांची जी शास्त्रीय विभागणी आहे तिच्यात पण हेच आहे, आपला दख्खनचा माळ पवना आणि मारवेलीच्या गटात, आणि पश्चिम राजस्थान मारवेल, धामण आणि सेवण ह्या गटात. मारवेल दोन्हीकडं, बाकी वेगळं. माळढोक वर्षाला एकच अंडं घालतो, तेही उघड्यावर जमिनीत, आणि डोक्यावर विजेच्या तारा आल्या की त्याला समोरच्या दिसत नाहीत, आदळतो. सुप्रीम कोर्टानं 2021 साली तारा जमिनीखालून न्या म्हणून सांगितलं, 2024 ला तो आदेश बदलून समिती नेमली. ह्या सगळ्यात गवताच्या बियाण्याची पिशवी काय करणार.

आणि बियाण्याच्या पिशवीवरून आठवलं, हे सांगितल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या पुतण्यानं मोबाईलवर जाहिरात बघून 'अस्सल राजस्थानी सेवन घास' म्हणून एक किलो बियाणं मागवलं, साडेआठशे रुपये आणि कुरिअर वेगळं. कंपनीचं नाव लिहीत नाही, भांडण माझं त्यांच्याशी नाही. पार्सल आलं, तो म्हणाला अण्णा, तुम्ही त्या भागात होता ना, बघा बरं. मी पिशवीत हात घातला आणि हातात आली केसाळ गोल बोंडं, मऊ, भुरकट जांभळट. धामण. आम्ही म्हणतो ती अंजन. जी आमच्याच रोपवाटिकेत, आमच्याच तालुक्यात, ह्याच्या निम्म्याहून कमी पैशात मिळते. सेवणाचं बी कसं असतं तर पांढरट, रेशमी केसांचं, काडीचे तुकडे चिकटलेले, मुठीत घेतलं तर वजनच लागत नाही, फुंकर मारली की उडतं. म्हणून तर काजरीवाले ते शेण, माती, वाळूत कालवून गोळ्या करून पेरतात, नाहीतर निम्मं बी शेजाऱ्याच्या रानात. पुतण्यानं तक्रार केली तर उत्तर आलं की फोटोप्रमाणेच माल पाठवला आहे. आणि गंमत बघा, ते खरंच होतं, त्यांच्या जाहिरातीतला फोटो धामणीचाच होता, तुमच्या पुरवणीतल्यासारखाच. एक चुकीचा फोटो इंटरनेटवर पडला की तो पेपरात येतो, पेपरातून जाहिरातीत जातो, जाहिरातीतून आमच्या बांधावर.

बांधावर आम्ही ती धामण पेरली. चांगली आलीय. मेंढरं खातात. धामण वाईट गवत आहे असं मी कधी म्हटलं नाही, नाव बरोबर लावून विका एवढंच.

तर सेवण माणदेशात लावू नका असं माझं मत आहे, पण त्याचं कारण हट्ट नाही. त्याला खोल वाळू लागते, आमच्याकडं वीतभर मुरुम आणि खाली खडक. आमच्या मुरमाड माळाला कुसळी, पवना, मारवेल पिढ्यान्‌पिढ्या सवयीच्या आहेत, फक्त त्यांना दोन पावसाळे चराईबंद मिळत नाही ही अडचण आहे. माझ्या वडलांच्या वेळी आमच्या गावात डोंगराची एक बाजू आलटून पालटून राखीव ठेवायचे, दसरा होईपर्यंत तिकडं मेंढरू सोडायचं नाही, विळ्यानं कापून न्यायला परवानगी. आता ती पद्धत मोडली. त्यावर कुणी लेख लिहिला तर मी कात्रण काढून ठेवीन, आणि फोटो पण देईन, बुडासकट.

मागणी साधी आहे. पुढच्या रविवारी चौकटीत दोन ओळी टाका, की फोटोतलं गवत धामण उर्फ अंजन होतं, आणि मूळ नाव सेवण असं वाचावं. फार मोठी चूक नाही, कुणाची नोकरी जायला नको. पण आमच्या भागात तुमचा पेपर वाचून लोक बियाणं मागवतात, मागच्या आठवड्यात दोघांनी मला नंबर विचारलाय.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त फौजी, ता. माण, जि. सातारा

ता.क. पाकिटात दोन कागदी पुड्या ठेवल्यात. एकीत आमच्या बांधावरच्या धामणीचं कणीस आहे. दुसरीत सेवणाचा तुरा, मी तिकडून आणून आईच्या पोथीत ठेवला होता, पंचवीस-सव्वीस वर्षं झाली, रंग पिवळा पडलाय आणि वाटेत सांध्यावर तुटला असेल, तुटलेला निघाला तर तोच सेवण. बघून झाल्यावर धामण टाकून दिली तरी चालेल, दुसरी पुडी तेवढी परत पाठवा, पोस्टाची तिकिटं आत लावलेलं पाकीट सोबत आहे.